कोकणातली चार दिवसांची सायकल सफर: खिसा सांभाळून सामान कसं जमवावं

दिवाळीनंतर ऑफिसातलं कुणीतरी विचारतंच, "ताई, हरिहरेश्वर-गुहागर सायकलवर करायचंय, कुठली सायकल घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो, "घरात आहे ती कुठली?" चार दिवसांसाठी नवी सायकल घ्यायची गरज नसते. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, पुढे श्रीवर्धन-हरिहरेश्वर, बागमांडल्याच्या फेरीबोटीने वेशवी, मग केळशी, हर्णै, दाभोळची फेरीबोट, गुहागर आणि शेवटी चिपळूणला रेल्वे. या रस्त्यासाठी सामान निवडताना मी एकच कसोटी लावते: मोडलं तर दापोलीत ते दुरुस्त होईल का, किंवा त्याच्या जागी दुसरं मिळेल का?

या कसोटीवर पोराची २६ इंची गिअरची सायकल महागड्या रोड बाइकला हरवते. २६ इंची ट्यूब तालुक्याच्या गावी बहुधा मिळते, ७०० सी (रोड बाइकच्या मोठ्या, बारीक चाकाची) मात्र मागितली की दुकानदार तोंडाकडे बघतो. ७०० सी असेल तर दोन ट्यूब घरूनच न्या.

वॉल्व्हची भानगड तर आधीच समजून घ्या, कारण खोळंबा तिथेच होतो. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह (श्रेडर) असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. बारीक वॉल्व्ह (प्रेस्टा) असेल तर तो नळा त्यावर बसतच नाही. त्यासाठी पितळेचं एक इवलंसं अॅडॅप्टर मिळतं. चहा-वडापावच्या पैशांत येतं, ते वॉल्व्हवरच फिरवून ठेवा. आणि कॉम्प्रेसरवाल्याला "थोडी थोडी भर" असं बजावा, ट्रकच्या सवयीने तो एका दमात ट्यूब फोडू शकतो.

पैसे घालायचेच तर पहिले टायरवर. या सायकलींना कंपनीतून दातेरी टायर येतात. डांबरावर ते नुसते घरघरतात आणि तुमची ताकद खातात. २६ बाय १.७५ किंवा त्याच्या जवळपासचे, मधून सपाट असलेले देशी टायर मी जोडीला हजाराच्या आतबाहेर घेतले. सायकल एकदम हलकी वाटायला लागली. त्याहून बारीक नको, फेरीच्या धक्क्याजवळचे खडबडीत उतार आणि गावातले फुटके रस्ते सोसायचे आहेत.

मग ब्रेकचे गुटके. ताम्हिणीच्या उतारावर झिजलेले गुटके घेऊन जायचं नाही, म्हणजे नाही. रिमब्रेकचे गुटके स्वस्त असतात आणि सगळीकडे मिळतात. डिस्कब्रेक असेल तर त्याच्या पॅडचे आकार निरनिराळे असतात. आपल्या मापाची जोडी बरोबर ठेवा. एक ब्रेकवायर आणि एक गिअरवायरही ठेवा, त्यांना ना वजन ना किंमत.

गिअरचं एवढंच बघा: पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी, यांचे दात मोजा. मागचे दात पुढच्याइतके किंवा जास्त असतील तर बरं. कोकणात खाडीतून सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) चढायचं, पुन्हा खाडीत उतरायचं, दिवसभर हाच खेळ. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर जांभ्याच्या चढावर बसून पेडल मारता येतं. नसेल तर उतरून ढकला, त्यात काय लाज!

सामान पाठीवर घेऊ नका. पाठीवरची सॅक दुसऱ्या दिवशी खांदे आणि बूड दोन्हींचा सूड घेते. मागचं कॅरिअर पाहिजे, आणि फ्रेमला मागच्या चाकाच्या आसाजवळ बोल्टची भोकं असतील तर तिथेच आवळलं जाणारं. सीटच्या दांड्याला एकाच ठिकाणी चिकटणारी कॅरिअर वजनाने फिरतात. नट साधे नको, आत नायलॉन असलेले घ्या, खडखडाटात ते लवकर ढिले होत नाहीत.

बॅगांसाठी दुकानातले भाव ऐकून मी ताडपत्री शिवणाऱ्या काकांकडे गेले. कागदावर चित्र काढून दिलं. ते म्हणाले, "शाळेची दोन दप्तरं जोडून देऊ का?" तसंच झालं: दोन खोके, वर जोडपट्टी, आतल्या बाजूला कडक पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकचा पत्रा, म्हणजे कापड चाकात जात नाही. माप देताना सायकल बरोबर न्या आणि पेडल फिरवून टाच बॅगेला लागत नाही ना ते बघा, बॅग थोडी मागे सरकवावी लागते. शिवणीतून पाणी येतंच, म्हणून आत जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या. वर बांधायला दोरी विकत घेऊ नका. पंक्चरवाल्याकडून बाद ट्यूब मागून तिच्या लांब पट्ट्या कापा, त्या ताणून बांधलेलं सामान हलत नाही.

तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग काही नको. या वाटेवर घरगुती खोल्या आणि खानावळी आहेत. दोन जोड कपडे, पंचा, औषधं, पंक्चरचं सोल्युशन-पट्ट्या-पॉलिश पेपर, टायर काढायचे प्लॅस्टिकचे चमचे (लोखंडी पान्याने ट्यूब चिमटते), हातपंप, अॅलन की (बोल्ट आवळायच्या षटकोनी किल्ल्या). सगळं मिळून सहा किलोच्या आत बसवा.

जेलचं सीट कव्हर घेऊ नका. मऊ वाटतं, पण तासाभराने बूड त्यात रुततं आणि मांड्या घासतात. त्याच पैशांत थोडी भर घालून पॅडवाली शॉर्ट्स घ्या, आत दुसरं काही न घालता वापरायची. बायकांनी आपल्या मापाची, रुंद मागच्या बाजूची सीट बसवून बघावी, नवीन सायकलीइतका फरक पडतो. हेल्मेट आणि मागचा लाल दिवा मात्र उसने आणलेले चालणार नाहीत. कुणाचं तरी पडून आदळलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसतं, आतला फोम दबलेला असतो.

निघायच्या आधीच्या रविवारी सगळं लादून खडकवासल्यापर्यंत जाऊन या. परतल्यावर कॅरिअरचा प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, आणि ज्या पिशवीला वाटेत हातच लागला नाही ती उघडून काय काय काढता येतं ते बघा.