हिरवं पान बघून भुलू नका, लेबल उलटून वाचा

पॅकवर हिरवं पान आणि 'इको फ्रेंडली' लिहिलंय म्हणून लगेच जास्त पैसे मोजू नका, त्यामागे कुणी तपासणी केलेली असेलच असं नाही. त्यापेक्षा मागचं बारीक अक्षरातलं वाचा. ऑरगॅनिक कॉटनचा कपडा घेताय तर जीओटीएसचा, म्हणजे ऑरगॅनिक कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राचा, शिक्का शोधा, त्यात पण दोन प्रकार आहेत, नुसतं 'ऑरगॅनिक' म्हणजे निदान 95 टक्के धागा ऑरगॅनिक आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' म्हणजे निदान 70, शिवाय सोबत तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असतो तो जीओटीएसच्या वेबसाइटवर टाकून चेक करता येतो, नंबरच नसेल तर मी तरी तो कपडा परत ठेवते. कागद-लाकडासाठी एफएससी बघा, म्हणजे जंगलं जपून आणलेल्या लाकडाचा शिक्का. अर्थात घरातली जुनी वस्तू नीट चालत असेल तर कितीही चांगल्या लेबलची नवी घ्यायची गरजच नाही. आणि प्लॅस्टिकवरचा तो त्रिकोण, आतला 1 ते 7 मधला आकडा, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, ते रिसायकल होईलच असं नाही, इथे भरपूर लोक फसतात! तुमच्याकडे कुठले नंबर घेतात ते कचरा नेणाऱ्यांनाच विचारून घ्या.