गुटी कलम कसे बांधावे: झाडावरच फांदीला मुळे फोडण्याची रीत

फांदी कापून मातीत खोचली की शर्यत सुरू होते. मुळे आधी फुटली तर फांदी जगते, पाने आधी सुकली तर मरते. जास्वंद, तुती, गुलाब अशी झाडे ही शर्यत सहसा जिंकतात. लिची, मॅग्नोलिया किंवा जाड फांदीचे शोभेचे रबराचे झाड खोचून ठेवले तर मात्र बरेचदा हाती काटकीच उरते. अशा झाडांसाठी गुटी कलम बांधतात. फांदी झाडावरच ठेवायची, तिथेच तिला मुळे फोडायची आणि मगच तोडायची. मुळे येईपर्यंत तिला पाणी मातृवृक्षाकडून मिळत राहते, त्यामुळे घाई कशाचीच नसते.

कृती छोटी आहे: फांदीची गोल साल काढायची, त्यावर ओले शेवाळ बांधायचे आणि थांबायचे. पण प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि कारण माहीत नसले की नेमकी तीच पायरी कच्ची राहते. म्हणून हातात चाकू घेण्याआधी सालीखाली काय चालते ते पाहून घेऊ.

सालीखालची वाहतूक

मुळांनी शोषलेले पाणी आणि क्षार लाकडातल्या जलवाहिन्यांमधून वर चढतात. पानांनी तयार केलेली साखर सालीच्या आतल्या थरातल्या रसवाहिन्यांमधून खाली मुळांकडे उतरते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पेशींचा अगदी पातळ, ओलसर थर असतो, तो कॅम्बियम. आतल्या बाजूला नवे लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नव्या रसवाहिन्या तयार करत राहणे हे त्याचे काम. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरकही खोडातून वरून खाली सरकते, आणि त्याची वाट मुख्यतः या कॅम्बियमच्या आसपासच्या पेशींतूनच जाते.

आता फांदीच्या सालीचे एक कडे काढून टाकले तर काय होईल? लाकूड शाबूत आहे, म्हणून पाणी वर जातच राहते आणि पाने टवटवीत दिसतात. साखर आणि ऑक्झिन मात्र खाली उतरता उतरता कड्यापाशी अडतात आणि जखमेच्या वरच्या काठावर साचतात. इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सतराव्या शतकात खोडाची अशी कडी काढून पाहिली होती. कड्याच्या वरचा भाग फुगतो, खालचा फुगत नाही, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले. गुटी बांधताना आपण त्या फुगणाऱ्या काठाला ओल आणि हवा पुरवतो. मग तिथल्या काही पेशी पुन्हा विभागू लागतात आणि त्यांतून आगंतुक मुळे, म्हणजे मुळाऐवजी खोडातून फुटणारी मुळे, निघतात.

हेच कडे मोठ्या झाडाच्या मुख्य खोडाला काढले तर झाड मरू शकते. ते लगेच मरत नाही, म्हणून फसायला होते. मुळे साठवलेल्या अन्नावर तग धरतात, वर पाने हिरवी असतात. मग मुळे उपाशी मरतात आणि पाणीच थांबते. तेव्हा गुटी बाजूच्या फांदीला बांधावी, आणि एका झाडावर एका वेळी मोजक्याच बांधाव्यात. कुंडीत उंच वाढलेले एकखोडी रबराचे झाड हा अपवाद. तिथे शेंडाच वेगळा करायचा असतो, आणि उरलेल्या खोडाला नंतर बाजूचे डोळे फुटतात.

झाड आणि फांदी निवडणे

लिंबूवर्गीय झाडे, लिची, डाळिंब, पेरू, मॅग्नोलिया, कॅमेलिया, क्रोटन, बोगनवेल, रबराचे झाड यांवर गुटी चांगली साधते. नारळ, सुपारी यांसारखे ताड आणि बांबू यांच्या नादी लागू नये. ही एकदल झाडे आहेत. त्यांच्या वाहिन्या खोडभर विखुरलेल्या असतात, सालीखाली कॅम्बियमचे कडेच नसते, त्यामुळे काढायला आणि अडवायला काही नसते.

फांदी पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, सुमारे १ ते दीड सेंटीमीटर व्यासाची, मागच्या हंगामात वाढलेली असावी. अगदी हिरवी कोवळी फांदी चाकूखाली मोडते. जुन्या, खडबडीत सालीच्या फांदीला मुळे उशिरा येतात. ती ऊन मिळणारी हवी, कारण मुळांसाठी लागणारी साखर तिच्याच पानांनी करायची आहे. जखमेच्या वर ३० ते ५० सेंटीमीटर पानेदार भाग असावा. फुले-फळे असतील तर खुडून टाकावीत; तीही त्याच साखरेवर डोळा ठेवून असतात.

गुटीचे रोप म्हणजे मातृवृक्षाचीच हुबेहूब नक्कल. चव, रंग, काटे, सगळे तसेच उतरते. झाडात विषाणू असेल तर तोही उतरतो. पाने आकसलेली, ठिपकेदार किंवा पिवळी जाळी पडलेल्या झाडाची फांदी कितीही हाताशी असली तरी घेऊ नये. फळझाडांच्या बाबतीत फायदा मोठा आहे. बीपासून वाढलेल्या लिचीला फळे धरायला कित्येक वर्षे लागतात, कारण तिला आधी बालपण संपवावे लागते. गुटीची फांदी वयात आलेल्या झाडाची असते, त्यामुळे तिचे रोप खूप लवकर फुलते. बदल्यात त्याला सोटमूळ नसते. जोराच्या वाऱ्यात अशी झाडे पहिली काही वर्षे डगमगतात, याची तयारी ठेवावी.

वेळ झाड जोमाने वाढत असतानाची निवडावी. नवी पालवी थोडी निबर झाली की सुरुवात करावी. त्या काळात कॅम्बियम जागा असतो, साल लाकडापासून सहज सुटते. साल चिकटून तुकड्या-तुकड्याने निघत असेल तर झाड विश्रांतीत आहे किंवा तहानलेले आहे. आधी काही दिवस पाणी द्यावे, नाहीतर पुढच्या हंगामापर्यंत थांबावे.

साल काढणे

चाकू किंवा ब्लेड धारदार हवे आणि स्पिरिटने पुसलेले हवे. जागा डोळ्याच्या किंवा पेराच्या जरा खाली धरावी आणि तिथली पाने वर-खाली बोटभर काढून टाकावीत.

पहिला गोल काप फांदीभोवती घ्या. लाकडाला लागेपर्यंत दाबा, लाकडात घुसवू नका. जलवाहिन्या तिथेच आहेत. त्याच्या खाली सुमारे अडीच सेंटीमीटरवर दुसरा गोल काप. दोन्हींना जोडणारा एक उभा काप घेऊन सालीची पट्टी सोलून काढा. खाली गुळगुळीत, ओलसर, फिकट लाकूड दिसते.

आता पुष्कळ जण चाकू खाली ठेवतात, आणि बऱ्याच गुट्या इथेच बिघडतात. तो ओलसर गिलावा म्हणजे कॅम्बियमच्या शिल्लक पेशी. त्या तशाच राहिल्या तर जखमेवर नवी साल बांधायला लागतात. काही आठवड्यांत दोन्ही काठ जोडले जातात, साखरेची वाट मोकळी होते आणि वरच्या काठाला मुळे फोडण्याचे कारणच उरत नाही. म्हणून ब्लेडच्या पाठीने उघडे लाकूड सगळीकडून हलकेच खरवडा. हाताला बुळबुळीत लागायचे थांबले की पुरे. कडे अरुंद ठेवण्याचा मोहही याच कारणासाठी टाळावा. फांदी जाड असेल तर ते ३ ते ४ सेंटीमीटरपर्यंत वाढवावे.

रबराच्या झाडातून पांढरा चीक वाहू लागतो. ओल्या फडक्याने टिपावा, थांबला की पुढचे काम करावे. हा चीक काहींच्या त्वचेला खाजतो, तेव्हा हातमोजे घातलेले बरे.

संप्रेरक: कुठे आणि किती

डच शास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांवर केलेले ऑक्झिनचे प्रयोग १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९३०च्या दशकात मुळे फोडण्यातला त्याचा वाटा स्पष्ट झाला. मुळे फुटण्याची पावडर म्हणून जे मिळते त्यात बहुधा इंडोल ब्युटिरिक आम्ल असते. झाडातल्या मुख्य ऑक्झिनपेक्षा ते अधिक टिकते.

पावडर जखमेच्या फक्त वरच्या काठावर, ओल्या ब्रशने पातळ लावावी. खालच्या काठावर किंवा उघड्या लाकडावर फासून उपयोग नाही, मुळे तिथून यायचीच नाहीत. जास्त लावली की जास्त मुळे येतात असेही नाही. जादा मात्रेने काठ काळा पडून कुजतो. क्रोटन किंवा रबराच्या झाडाला तर पावडर नसली तरी चालते, कारण काठावर साचलेले स्वतःचे ऑक्झिन पुरते. मॅग्नोलिया, कॅमेलिया, लिची यांना मात्र ती लावावीच.

शेवाळ बांधणे

स्फॅग्नम मॉस म्हणून मिळणारे सुके शेवाळ काही तास पाण्यात भिजवा. मग दोन्ही हातांनी घट्ट पिळा, इतके की पुन्हा दाबले तर पाणी ठिबकणार नाही. पिळायचे कारण असे की कोवळ्या मुळाला श्वासासाठी ऑक्सिजन लागतो, आणि पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. चिंब शेवाळात काठ गुदमरतो, मग बुरशी बाकीचे काम करते. शेवाळ नसेल तर कोकोपीट चालते. नुसती बागेची माती टाळावी. ती जड असते आणि दाबून बांधली की तिच्यात हवा राहत नाही.

मूठभर शेवाळ जखमेभोवती असे बसवा की वरचा काठ त्याच्या मधोमध येईल. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून खालचे टोक सुतळीने किंवा चिकटपट्टीने घट्ट बांधा, शेवाळ नीट दाबून घ्या, मग वरचे टोक बांधा. वरची गाठ जास्त महत्त्वाची. फांदीवरून ओघळणारे पावसाचे पाणी तिथूनच आत शिरते. कागदाची शिवण खालच्या बाजूला वळवावी. पॉलिथिन पाण्याची वाफ जवळजवळ अडवते पण ऑक्सिजन बऱ्यापैकी जाऊ देते, म्हणून बंद पुडक्यातही मुळे गुदमरत नाहीत.

फांदीवर थेट ऊन येत असेल तर प्लॅस्टिकवर अॅल्युमिनियमचा कागद गुंडाळावा, नाहीतर आतले शेवाळ तापते. मुळांना अंधारही मानवतो. पाहायचे असेल तेव्हा तो सोडता येतो.

वाट पाहणे

सोप्या झाडांना ४ ते ८ आठवडे लागतात, हट्टी झाडांना ३ महिने किंवा त्याहून अधिक. आधी वरच्या काठावर पांढरट गाठी उमटतात. हा कॅलस, म्हणजे जखमेवर वाढणारा पेशींचा गोळा आहे, मुळे नव्हेत; तो पाहून फांदी तोडू नये. नंतर पांढरी, टोकदार मुळे शेवाळातून वाट काढतात.

या काळात फांदीची पाने कधी लालसर होतात. साखर खाली जाऊ शकत नाही, पानांत साचते, आणि तिच्या आधारे लाल रंगद्रव्य बनते. कधी तीच फांदी अवेळी फुलतेसुद्धा. काळजीचे कारण नाही, पण फुले खुडावीत.

पंधरवड्यातून एकदा पुडके बोटांनी दाबून पाहा. आतल्या बाजूला वाफेचे थेंब दिसत असतील तर हात लावू नका. शेवाळ फिकट आणि हलके वाटले तर वरची गाठ सैल करून किंवा इंजेक्शनच्या सिरिंजने थोडे पाणी सोडा. मुंग्या शिरल्या असतील तर पुडके सोडून नव्या शेवाळाने पुन्हा बांधणे हाच उपाय. बराच काळ लोटूनही काही हालचाल नसेल तर उघडून जखम पाहा. काठ जोडले गेले असतील तर पुन्हा खरवडून नव्याने बांधता येते.

फांदी तोडणे आणि कुंडीत लावणे

मुळे दिसली म्हणजे काम झाले असे नाही. पहिली पांढरी मुळे ठिसूळ असतात आणि पाणी शोषण्याचे काम अजून पुरते शिकलेली नसतात. ती पिवळसर-तपकिरी होऊन त्यांना बारीक उपमुळे फुटली आणि पुडक्यात सगळीकडून मुळे दिसू लागली की फांदी तयार झाली. धीर धरवत नसेल तर मधला मार्ग आहे: पुडक्याच्या खाली फांदीला निम्म्या जाडीपर्यंत काप द्यावा आणि आठ-दहा दिवसांनी उरलेली तोडावी. पाण्याचा पुरवठा हळूहळू कमी झाल्याने रोपाला सवय होते.

तोडताना काप पुडक्याच्या लगेच खाली घ्या. प्लॅस्टिक काळजीपूर्वक सोडा, शेवाळ मात्र मुळांवरून ओढून काढू नका. ते तसेच मातीत जाऊ द्या. नंतर पानांचा तिसरा हिस्सा ते निम्मी पाने छाटा. हे करताना हात अडखळतो, पण मूठभर मुळे एवढ्या पानांची तहान भागवू शकत नाहीत.

कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा जरा मोठी, भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणाऱ्या मिश्रणाची असावी. फार मोठ्या कुंडीत माती ओलीच राहते आणि नवी मुळे कुजतात. रोपाला काठी लावून सैल बांधा. ते हलत राहिले तर मुळे तुटतात. पहिले तीन-चार आठवडे सावलीत ठेवा, वर पारदर्शक पिशवी उपडी घातली तर आणखी बरे. खत नवी पालवी दिसेपर्यंत देऊ नये. पालवी आली की पिशवी आधी थोडा वेळ, मग पूर्ण काढावी आणि रोज थोडे थोडे करून ऊन वाढवावे. काही जुनी पाने गळतील. डोळे हिरवे आणि टणक असतील तर गळू द्यावीत.

मातृवृक्षावर मागे राहिलेला खुंट तसाच सोडू नये. तो खालच्या पहिल्या सशक्त डोळ्यापर्यंत किंवा फांदीच्या मूळ जोडापर्यंत छाटावा, म्हणजे तिथून नवी फांदी फुटते आणि वाळलेल्या टोकातून कीड-कूज आत उतरत नाही.