खान्देशच्या उन्हात मोठे देशी नेचे लावताना

जळगाव-भुसावळकडच्या बागांत एप्रिल संपता संपता नेच्याची (फर्नची) पानं कडेनं तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. पाणी कमी पडलं असं वाटतं आणि बादल्या ओतल्या जातात. पण बोट खुपसून पाहिलं तर मुळाशी ओल असतेच, नसते ती हवेत. पारा ४४-४५ अंशांवर आणि वर कोरडा वारा, अशा दिवसांत पानातून पाणी ज्या वेगानं उडतं तेवढं मुळं ओढू शकत नाहीत. त्यात आणखी पाणी घातलं की मुळं कुजतात आणि झाड दोन्हीकडून मरतं. म्हणून इथे आधी वारा अडवायचा, मग सावली, मग माती. रोप सगळ्यात शेवटी आणायचं.

जागा घराच्या उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत चालतं, दुपारचं अजिबात नाही. केळीबागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण करतात, ते याच वाऱ्यासाठी. परसात गवत लावू नका, त्याची मुळं नेच्याचं खत खाऊन टाकतात. त्याऐवजी मार्च ते जूनचा पहिला पाऊस, एवढे दिवस पश्चिमेला गोणपाटाचा पडदा जमिनीपर्यंत सोडा आणि सकाळी दहा, दुपारी एक आणि चार वाजता तो भिजवा. वर ७५ टक्क्यांची शेडनेट आठ फुटांवर बांधा. पानांना टेकेल इतकी खाली बांधली तर तापलेल्या जाळीचीच धग लागते. केळीचं बेट असेल तर सावली आयतीच मिळते, फक्त खांबांपासून तीन फूट दूर राहा, कारण केळीची मुळंही वरवरच पसरतात.

काळ्या मातीत नेचे थेट लावू नयेत. पावसाळ्यात ती पाणी धरून चिकट होते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेसोबत नेच्याची नाजूक मुळं तुटतात. फूटभर खोल माती काढा, तळाशी चार इंच विटांचे तुकडे टाका. त्यावर दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग गांडूळखत आणि एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट असं मिश्रण भरा. वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आठ-दहा इंच उंच ठेवा. भरण्याआधी खड्ड्यात पाणी ओतून पाहा. चार तासांनीही साचलेलं असेल तर वाफा आणखी उंच हवा.

आता कोणता नेचा. नर्सरीत बहुतेक वेळा मिळतो तो बोस्टन नेचा परदेशी आहे. वाफ्यासाठी देशी जातींत ख्रिस्टेला डेंटाटा सर्वांत भरवशाचा: ओढ्याकाठचा, पानं तीन फुटांपर्यंत, दोन रोपांत दोन फूट अंतर द्यावं. टेक्टारिया कोआडुनाटाची रुंद त्रिकोणी पानं त्याहून देखणी, पण उन्हाळ्यात ती सुकून जातात. गड्डा जमिनीत जिवंत असतो, तो फेकू नका. टेरिस व्हिटाटा जुन्या विहिरींच्या आणि चुन्याच्या भिंतींच्या फटीत उगवतो. आपल्या क्षारयुक्त पाण्याला सर्वांत कमी घाबरणारा हाच, त्याच्या मिश्रणात जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा मूठभर घाला. तो मातीतलं आर्सेनिक पानांत साठवतो, म्हणून गुरांना घालू नये. आंब्याच्या बेचक्यात बाशिंग हा झाडावर वाढणारा नेचा बांधता येतो: काथ्यावर ठेवून सुतळीनं आवळायचं. त्याची तळाची वाळकी, करवतीसारखी पानं तोडू नका, पालापाचोळा आणि ओल तीच धरून ठेवतात. मोठी हिरवी पानं कोरड्या दिवसांत गळतात, तेव्हा बाशिंग मेलेलं नसतं.

वृक्षनेच्यांचा मोह टाळलेला बरा. त्यांना सह्याद्रीचा पाऊस आणि धुकं लागतं, आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंधही आहेत. तोरणमाळच्या किंवा पाटणादेवीच्या ओढ्याकाठून रोपं उपटून आणू नका. अभयारण्यातून झाड आणणं गुन्हा आहे, आणि रानातून उपटलेले मोठे गड्डे फारसे जगतही नाहीत. ओळखीच्या बागेतून गड्ड्याचा तुकडा मागा. जूनचे एक-दोन चांगले पाऊस झाले की संध्याकाळी गड्डा धारदार सुरीनं कापा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं आणि वाढीचा कोंब हवा. जुनी पानं निम्मी छाटा. कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, तो पुरला की आठवड्याभरात कुजतो.

पाण्याचा प्रश्न खान्देशात वेगळा आहे. बोअरच्या पाण्यानं कुंडीवर पांढरा थर चढतो आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसू लागतात. मातीत लोह असतं, पण क्षारांमुळे ते झाडाला मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (अशा मातीतही झाडाला मिळणारं) दोन लिटर पाण्याला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा मुळाशी द्या. खरा उपाय पावसाचं पाणी. दहा बाय दहा फुटांच्या छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण ४६० लिटर पाणी पडतं, वाया जाणारं सोडून साडेतीनशे तरी टाकीत येतं. ते उन्हाळ्यासाठी झाकून ठेवा. आरओचं टाकाऊ पाणी, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी आणि मोरीचं साबणाचं पाणी नेच्याला घालू नये. पहिल्या दोन्हींत क्षार दाट झालेले असतात, तिसऱ्यात धुण्याचा सोडा असतो.

वाफ्यावर केळीची वाळकी पानं दोन-तीन इंच पसरा, कोंबावर नाही. आच्छादन पूर्ण कोरडं पडू दिलं की वाळवी येते. युरिया नको, ताजं शेणही नको. जून आणि ऑगस्टमध्ये मूठभर गांडूळखत पुरे.

पानामागे तपकिरी ठिपके दिसले की रोग समजून फवारणी केली जाते, आणि तेलकट औषधानं पानं करपतात. ते ठिपके शिरांच्या ओळीत, दोन्ही बाजूंना सारखे असतील तर ते बीजाणूंचे, म्हणजे नेच्याच्या बियांसारख्या कणांचे, पुंजके आहेत. खवले कीड वेडीवाकडी पसरते, देठावरही असते आणि नखानं खरवडली की चिकट निघते. ती जुन्या टूथब्रशनं, सौम्य साबणाच्या पाण्यानं काढा. पावसाळ्यात गोगलगाई कोवळे कोंब खातात, रात्री बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा मार्ग.

पाऊस नीट बसला आणि गड्ड्यातून गुंडाळलेले नवे कोंब वर आले की गोणपाट काढून वाळवून ठेवा, शेडनेट मात्र तशीच राहू द्या. सुकलेली पानं तोवर कापू नयेत, कोंबावर सावली तीच धरतात.