भरलेली एसयूव्ही घाट उतरवताना

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी साधारण 1,300 मीटर खाली येते. सात माणसं आणि सामान असलेली एसयूव्ही एवढा उतार फक्त ब्रेकवर उतरवू नका. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि त्याची पकड कमी होते. उतार सुरू होण्याआधीच दुसरा गिअर टाका, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा 'एल' (लो, म्हणजे खालचा गिअर) वापरा. न्यूट्रल तर कधीच नाही, डिझेल वाचवायलाही नाही. ब्रेक लागलाच तर थोडा दाबून सोडायचा. जळका वास आला, की सुरक्षित जागा बघून थांबा, चाकांपुढे, उताराच्या बाजूला, दगड लावा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकू शकते.

निघण्यापूर्वी टायरमधली हवा पूर्ण भारासाठीच्या आकड्याइतकी भरा. तो बहुधा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. जड बॅगा टपावर नकोत, वळणावर गाडी झुकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, नियमही तोच आहे. आणि गाडी लागणाऱ्या मुलांना शेवटच्या रांगेत बसवू नका.