जुन्या गाडीचं पेट्रोल प्रेशर पडतंय? गेज लावण्याआधीची तयारी

सेल्फ फिरतो पण गाडी पेटत नाही, घाटात तिसऱ्या गियरला दम सोडते, किंवा उन्हात दहा मिनिटं उभी राहिली की पुन्हा चालू व्हायला रडवते. तिन्ही तक्रारींवर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं : पंप गेला. पण पहिल्या तक्रारीत प्रेशर तयारच होत नसतं, दुसरीत तयार होऊन लोडवर पडतं आणि तिसरीत इंजिन बंद केल्यावर ओसरून जातं. तिन्हींची कारणं वेगळी आणि खर्चही वेगळा. म्हणून सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि त्रास नेमका कधी होतो ते लिहा : इंजिन थंड असताना की गरम असताना, टाकीत पेट्रोल किती होतं, किती वेळा सेल्फ मारावा लागला. हा कागद भरेपर्यंत पंप विकत घेऊ नका.

पुढचं सगळं १९९९-२००० च्या सुमारास आपल्याकडे रुळलेल्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांसाठी आहे. त्याआधीच्या कार्बोरेटरच्या गाडीत इंजिनावर बसवलेला डायफ्रॅमचा पंप जेमतेम ०.२ ते ०.३ बार प्रेशर देतो. तिथे इंजेक्शनच्या गेजचा काटा हललेलाही कळत नाही, ० ते १ बारचं गेज वेगळं लागतं. एमपीएफआयमध्येही दोन प्रकार आहेत, तेव्हा बॉनेट उघडून रेलला, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला, किती पाईप जोडलेत ते मोजा. दोन असतील तर एक सप्लायचा आणि एक रिटर्नचा, आणि प्रेशर ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर रेलवरच असतो. एकच पाईप असेल तर रेग्युलेटर टाकीत असतो आणि रिटर्न दाबून करायच्या चाचण्या तिथे लागू होत नाहीत.

सामानात ० ते ७ बारचं गेज हवं. बाजारातल्या बऱ्याच गेजवर पीएसआय आणि किलो (दर चौरस सेंटीमीटरला) अशा दोन पट्ट्या असतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय आणि जवळजवळ १ किलो. जुन्या छोट्या गाड्यांच्या रेलवर टेस्टिंगचा व्हॉल्व्ह सहसा नसतो, त्यामुळे सप्लायच्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकावा लागतो. मापाचा टी, हात-दीड हात इंजेक्शनचा होज आणि गोल दाबणाऱ्या इंजेक्शन क्लिपा आधीच आणून ठेवा. होजवर जे३०आर९ हे इंजेक्शनच्या होजचं मानक छापलेलं असलं पाहिजे. कार्बोरेटरचा साधा रबरी पाईप ३ बारला फुगतो आणि गरम इंजिनावर फुटतो. जिथे बँजो बोल्ट (मधून पेट्रोल जाणारा पोकळ बोल्ट) उघडणार आहात तिथले वायसर नवे घ्या, दोन्ही बाजूंचे. जुना तांब्याचा वायसर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, आणि तिथून झिरपणारं पेट्रोल तपासणीलाच खोटं ठरवतं. याशिवाय मल्टिमीटर, १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली जंपर वायर, होज दाबायची गुळगुळीत जबड्याची पक्कड, एक लिटरचं मापाचं भांडं, पांढरा सुती फडका आणि झाकणाचा धातूचा डबा.

आगीची तयारी यादीत शेवटी टाकू नका. गाडी उघड्यावर, सावलीत उभी करा. खड्ड्यात किंवा शटर ओढलेल्या गाळ्यात हे काम करायचं नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. हाताशी पावडरचं अग्निशामक, डोळ्यांवर चष्मा, हातात नायट्राइलचे मोजे. उजेडासाठी एलईडीची बॅटरी घ्या. वायरच्या होल्डरमधला तापलेला बल्ब पेट्रोलच्या एका थेंबाने तडकतो. पाईप उघडण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी चालू करून ती आपोआप बंद पडू द्या, मग दोन-तीन वेळा सेल्फ मारा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एवढं करूनही जोडाभोवती फडका गुंडाळूनच बोल्ट सैल करा, कारण थोडं पेट्रोल उडतंच.

गाडीचीही तयारी लागते. बॅटरी चांगली चार्ज हवी, उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर. टाकी किमान पाव भरलेली हवी, नाहीतर पंप हवा ओढेल आणि गेज तुम्हाला फसवेल. सीएनजी किट असलेल्या गाडीत हे आणखी महत्त्वाचं. मुंबई-पुण्यात गॅसवर चालणाऱ्या किती तरी गाड्यांच्या टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवलेलं असतं. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो. किटने गॅसवर असताना पंप बंद केला नसेल तर तो कोरडा फिरून झिजतो. अशा गाडीत पंपावर संशय घ्यायला जागा आहे, तरी मोजमाप करायचंच.

गेज लागलं की काढलेला फ्यूज किंवा रिले आणि बॅटरीची तार परत लावा, मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. पंप दोन-तीन सेकंद गुणगुणून थांबतो. रिटर्न पाईप असलेल्या गाड्यांत यावेळी साधारण २.५ ते ३ बार दिसायला हवं. आयडलला ते अर्ध्या बारने कमी होतं, कारण रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) व्हॅक्युम मिळतो. रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी उपसली की काटा तेवढाच वर चढला पाहिजे. नळी काढलीच आहे तर तिचं तोंड पाहा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा डायफ्रॅम फाटलाय. तुमच्या मॉडेलचे नेमके आकडे मॅन्युअलमधून काढून त्याच कागदावर आधी लिहून ठेवा.

प्रेशर कमीच असेल तर गाडी आयडलला ठेवून रिटर्नचा रबरी भाग दोन सेकंद दाबा, त्याहून जास्त नाही. काटा झपकन ४ बारच्या वर गेला तर पंपात जोर आहे, दोष रेग्युलेटरचा. काटा ढिम्म राहिला तर फिल्टर, टाकीतली जाळी, पंप किंवा त्याला मिळणारं व्होल्टेज. फक्त लवचिक रबर दाबायचं. कडक नायलॉनचा पाईप दाबला की तडा गेलाच. पंधरा-वीस वर्षांचं रबर वाळलेलं असेल तर तेही दाबू नका, मध्ये नव्या होजचा तुकडा जोडून तो दाबा.

लोडवर प्रेशर पडत असेल तर प्रवाह मोजा. रिटर्न पाईप भांड्यात सोडून, रिले काढून त्याच्या सॉकेटातल्या ३० आणि ८७ या पिना जंपरने जोडून पंप अर्धा मिनिट चालवा. निदान अर्धा लिटर यायला हवं. रस्त्यावर तपासायचं असेल तर लांब होजचं गेज बाहेरून काचेवर, वायपरखाली टेपने बसवा. पेट्रोल भरलेलं गेज केबिनमध्ये कधीही घ्यायचं नाही.

बंद केल्यावर प्रेशर ओसरतं का, हे पाहायला घाई चालत नाही. इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. पहिल्या मिनिटाला २ बारच्या आसपास टिकलं पाहिजे, त्यानंतर हळूहळू उतरलं तर चालतं. गरम इंजिनाखाली रेलमधलं पेट्रोल उकळू नये म्हणूनच हे प्रेशर लागतं, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यात हा दोष जास्त छळतो. काटा भराभर उतरत असेल तर गाडी पुन्हा चालू करा, आणि बंद करताक्षणी टाकी आणि गेज यांच्यामधला होज दाबा. उतरणं थांबलं तर गळती टाकीकडे आहे. नाही थांबलं तर पुढच्या फेरीत रिटर्न दाबा. त्याने थांबलं तर रेग्युलेटर. दोन्हींनी थांबत नसेल तर इंजेक्टर. मग रेल इंजेक्टरांसकट उचलून, बॅटरी आणि स्पार्कपासून दूर, टोकं पाहा : मिनिटाला एका थेंबापेक्षा जास्त पडता कामा नये. इंजेक्टर उपसायचे म्हणजे ओ-रिंगा नव्या हव्यात; त्या पेट्रोलने ओल्या करून बसवायच्या.

टाकीकडची गळती म्हणजे पंपाचा चेक व्हॉल्व्हच (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप) असं समजू नका. टाकीच्या आत, पंपापासून तो ज्या झाकणाला बसवलेला असतो तिथपर्यंत बोटभर रबरी नळी असते. तिला केसाएवढी चीर गेली की पेट्रोल टाकीतच परत पडतं. बाहेर वास नाही, डाग नाही, आणि बळी जातो पंपाचा. ही नळी सतत बुडालेली असते, तिच्या जागी जे३०आर१० होजच लागतो. जे३०आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलात बुडून खराब होतं. आता पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही, म्हणून टाकी उघडलीच तर ही नळी आणि जाळी दोन्ही बदला. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सुटा करतं. फिल्टर काढल्यावर आत येणाऱ्या बाजूने पांढऱ्या भांड्यात उलटा ओता : तांबूस गंज किंवा काळा भुगा दिसला तर नुसता फिल्टर बदलून काम संपत नाही, टाकी धुवावी लागेल.

पंपाला वीज किती मिळते ते कनेक्टर जोडलेला असताना, पंप चालू ठेवून मोजा. कनेक्टर सोडून मोजलं तर जळक्या रिलेतूनही १२ व्होल्ट दिसतात. चालू पंपावर ११.५ च्या खाली आलं तर मीटरची एक सळई पंपाच्या अर्थवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट काढून घासा. कोकणातल्या, गोव्यातल्या खाऱ्या हवेत हा बोल्ट हमखास हिरवा पडलेला सापडतो.

सगळं परत जोडल्यावर बॅटरीची तार लावा, चावी तीन वेळा ऑन-ऑफ करा आणि इंजिन चालू न करता पाच मिनिटं थांबा. मग प्रत्येक जोडाखालून कोरडा पांढरा फडका फिरवा. फडका ओला झाला तर तो जोड पुन्हा उघडा. कोरडा राहिला तरच सेल्फ मारा.