परदेशी क्लायंटचे पैसे गावातल्या खात्यात आणताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात राहून मी परदेशी संस्थांसाठी संकेतस्थळे तयार करण्याचे काम करतो. आसपासच्या गावांतली मुले-मुली आता हेच काम करू लागली आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना काम मिळवण्यापेक्षा झालेल्या कामाचे पैसे खात्यात आणणे अधिक अवघड जाते. म्हणून पहिल्या इन्व्हॉइसच्या, म्हणजे क्लायंटला पाठवायच्या बिलाच्या, आधीपासून काय काय करावे, ते येथे लिहून ठेवत आहे.

सुरुवात खात्यापासून करावी. आपल्या घरातले जुने खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत किंवा ग्रामीण बँकेत असते, कारण पीककर्ज आणि विम्याची रक्कम तिथेच येते. परकीय चलन हाताळण्यासाठी मात्र बँकेकडे रिझर्व्ह बँकेचा ‘ऑथराइज्ड डीलर’ हा परवाना लागतो, आणि तो या बँकांकडे सहसा नसतो. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एखाद्या राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खाजगी बँकेत केवळ या कामासाठी वेगळे खाते काढावे. सुरुवातीच्या लहान रकमा बचत खात्यातही जमा होतात. दरमहा पैसे येऊ लागले की बँक चालू खाते काढायला सांगते, आणि तसे ते काढलेले बरे, कारण घरखर्च आणि व्यवसाय वेगळे दिसले की वर्षअखेरीस सीएचेही काम सोपे होते.

खाते निघाले की शाखेत जाऊन एकच प्रश्न नीट विचारावा: ‘परदेशातून पैसे येण्यासाठी या खात्याला कोणता स्विफ्ट कोड द्यायचा?’ स्विफ्ट कोड म्हणजे परदेशी व्यवहारांत बँक ओळखण्याचा कोड. आयएफएससी कोड फक्त देशांतर्गत व्यवहारांसाठी असतो, आणि युरोपातले क्लायंट मागतात तो आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, भारतात वापरातच नाही. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा असतो. त्यातली पहिली चार बँकेची आणि पुढची दोन देशाची. तालुक्याच्या शाखेला स्वतःचा कोड नसणे अगदी नेहमीचे आहे. अशा वेळी नागपूरच्या किंवा मुंबईच्या परकीय चलन शाखेचा कोड चालतो, आणि रक्कम तिथून आपल्या खाते क्रमांकावर वळवली जाते. हा कोड इंटरनेटवरून उचलू नये. शाखेकडून तो लेखी किंवा ईमेलवर घ्यावा, आणि डॉलर व युरोसाठी बँकेची मध्यस्थ बँक (जिच्यामार्फत रक्कम वाटेत येते ती) कोणती, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे आधारवर ‘वानखडे’, पॅनवर ‘वानखेडे’ आणि बँकेत वडिलांच्या नावासह तिसरेच काही, असे सर्रास आढळते. क्लायंटने लिहिलेले नाव खात्यावरच्या नावाशी जुळले नाही, तर रक्कम अडकते किंवा परत जाते. आधी तिन्ही ठिकाणचे नाव एक करून घ्यावे, आणि इन्व्हॉइसवर पासबुकातले इंग्रजी स्पेलिंग जसेच्या तसे उतरवावे.

इन्व्हॉइसवर क्रमांक, तारीख, क्लायंटचे पूर्ण नाव व देश, कामाचे स्पष्ट वर्णन, चलन, रक्कम आणि वरचा सगळा बँक तपशील हवा. याशिवाय एक ओळ हवीच, आणि ती म्हणजे पर्पज कोड. परदेशातून आलेली प्रत्येक रक्कम कशासाठी आली, हे बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या कोडनुसार नोंदवावे लागते. सॉफ्टवेअर सल्ला व अंमलबजावणीसाठी पी०८०२, व्यवस्थापन सल्ल्यासाठी पी१००६, जाहिरातीच्या कामासाठी पी१००७, असे ते कोड असतात.

हा कोड मी पहिल्या वेळी लिहिला नव्हता. शाखेतून फोन आला, ‘बाहेरून पैसे आले आहेत, कोणाचे आहेत?’ मी ‘ओळखीच्या माणसाचे’ असे सांगितले, आणि त्या उत्तरावरून माझी मेहनतीची कमाई पी१३०१ या कोडखाली, म्हणजे परदेशस्थ नातेवाइकाने कुटुंबाच्या निर्वाहासाठी पाठवलेली रक्कम म्हणून, नोंदली गेली. रक्कम पूर्ण मिळाली होती, त्यामुळे चूक लक्षात आली ती थेट आयकर विवरणपत्र भरताना. दुरुस्तीसाठी अर्ज, इन्व्हॉइसची प्रत, क्लायंटबरोबरचा ईमेल आणि एसटीने तालुक्याला तीन फेऱ्या, एवढे लागले. त्यातली एक फेरी कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत झाली. तेव्हापासून कोड मी इन्व्हॉइसवर ठळक छापतो, पैसे निघाल्याचे क्लायंटने कळवले की त्याच दिवशी इन्व्हॉइस शाखेच्या ईमेलवर पाठवतो, आणि फोन आला तर ‘सेवा निर्यातीचे पैसे आहेत’ एवढेच सांगतो.

किती पैसे कापले जातात, हे एकदा कागदावर मांडून पाहावे. समजा क्लायंटने ५०० डॉलर पाठवले, वाटेतल्या बँकेने १५ डॉलर घेतले, बाजारात डॉलर ८५ रुपये असताना आपल्या बँकेने ८३चा दर लावला. मग १५ डॉलरचे १,२७५ रुपये गेले आणि उरलेल्या ४८५ डॉलरवर दरातल्या फरकाचे ९७० रुपये गेले. चलन बदलण्यावरचा जीएसटी एक लाखापर्यंतच्या रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, किमान ४५ रुपये, असा असतो. तो येथे सुमारे ७२ रुपये होतो. बँकेचे स्वतःचे शुल्क निराळे. लहान रकमेत वाटेतली कपात जास्त जाचते, तर मोठ्या रकमेत दर. म्हणून तीन लहान इन्व्हॉइस एकत्र करून १,५०० डॉलर मागवणे परवडते, आणि रक्कम मोठी असली की परकीय चलन शाखेला फोन करून दर वाढवून मागावा. मागितल्यावर तो बरेचदा मिळतो. पाठवण्याचे शुल्क कोणी भरायचे, तेही करारातच लिहावे: ‘अवर’ म्हणजे सर्व शुल्क क्लायंटकडे, ‘शा’ म्हणजे वाटून, ‘बेन’ म्हणजे सगळे आपल्याकडे.

वाइज, पायोनियर, पेपाल यांसारख्या सेवांचा मार्गही आहे. काही सेवा क्लायंटच्याच देशातला खाते क्रमांक देतात, क्लायंट तिथे स्थानिक पद्धतीने पैसे भरतो आणि आपल्याला रुपये मिळतात. लहान रकमांना हे सोयीचे पडते, पण सेवा निवडताना तिचे शुल्क आणि दर दोन्ही पाहावेत, आणि परदेशी रकमेचा दाखला ती देते का, हे आधी विचारावे.

तो दाखला म्हणजे ‘इनवर्ड रेमिटन्स अॅडव्हाइस’. शाखेत त्याला अजूनही सवयीने एफआयआरसी म्हणतात. प्रत्येक रकमेमागे तो मागून घ्यावा आणि इन्व्हॉइससोबत एकाच फाइलमध्ये लावावा. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. सेवा निर्यातीवर शून्य दर असतो, पण कर न भरता निर्यात करण्यासाठी एलयूटी हे हमीपत्र दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरावे लागते, आणि पैसे परकीय चलनातून आल्याचा पुरावा म्हणून हाच दाखला कामी येतो. परदेशी क्लायंट आपला टीडीएस कापत नाही. त्यामुळे वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल तर अग्रिम कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर, आपणच भरायचा असतो. अमेरिकी क्लायंट डब्ल्यू-८बेन हा फॉर्म मागतात. आपण अमेरिकेचे करदाते नाही, असे त्यात नमूद असते. तो भरून देण्यात धोका नाही.

पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम आली नाही, तर क्लायंटकडे त्याच्या बँकेची स्विफ्ट प्रत (पैसे पाठवल्याच्या संदेशाची प्रत) आणि त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, म्हणजे ३६ अक्षरांचा यूईटीआर, मागावा. त्या क्रमांकावरून रक्कम कोणत्या बँकेत थांबली आहे ते आपल्या बँकेला पाहता येते; तो हाती नसताना शाखेत हेलपाटे घालण्यात दिवस वाया जातो. आणि एक लक्षात ठेवावे: पैसे येण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीही लागत नाही.

गावात एक वेगळा प्रसंग हमखास येतो. आपल्या खात्यात डॉलर येतात हे कळले की परदेशात मुलगा असलेले एखादे काकाजी घरी येऊन म्हणतात, ‘पोराचे पैसे तुयाच खात्यात येऊ दे ना, तुले तर सवय हाये.’ वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, तरी ते म्हणावेच. दुसऱ्याची रक्कम आपल्या खात्यात आली की तिचा हिशेब आपल्याला द्यावा लागतो, आणि ती गैरव्यवहारातली निघाली तर आपलेच खाते गोठवले जाऊ शकते. मी अशा वेळी काकाजींना सोबत घेऊन शाखेत जातो, त्यांच्या नावाचे खाते काढून देतो आणि त्या खात्याचा तपशील मुलाला पाठवायला मदत करतो. त्यांच्या रकमेसाठी पी१३०१ हाच कोड योग्य असतो.