परदेशातील शिक्षकांसोबत भौतिकशास्त्राचा धडा कसा घडवावा

बहिर्वक्र भिंगाच्या साहाय्याने पडद्यावर मेणबत्तीची स्पष्ट प्रतिमा मिळवली आहे. आता भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकला, तर पडद्यावर काय दिसेल? हा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारला काय किंवा बी.एड.च्या वर्गात विचारला काय, बहुतेकांचे उत्तर एकच येते: अर्धी प्रतिमा नाहीशी होईल. प्रत्यक्षात प्रतिमा पूर्णच राहते, केवळ अंधूक होते. कारण ज्योतीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सर्व भागांतून जाऊन पुन्हा एका बिंदूशी मिळतो. पुस्तकातील किरणाकृतीत आपण दोन किंवा तीनच किरण काढतो, त्यामुळे तेवढेच किरण प्रतिमा घडवतात असा समज रुजतो. अमेरिकेतील विद्यापीठांत शिकणारे विद्यार्थीही हीच चूक करतात, हे तेथील संशोधकांनी १९८०च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे.

भौतिकशास्त्राच्या अध्यापनात आंतरराष्ट्रीय सहकार्याला अर्थ आहे तो यामुळे. विद्यार्थ्यांच्या चुकीच्या धारणा देशोदेशी सारख्या असतात, त्यांवरचे उपाय मात्र प्रत्येक ठिकाणच्या शिक्षकांनी आपापल्या परीने शोधलेले असतात. ते उपाय एकमेकांच्या वर्गात कसे नेता येतील, याची पद्धत माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक आणि अध्यापक महाविद्यालयांतील प्राध्यापक यांच्यासाठी येथे मांडली आहे.

आधी एक नमुना पाहावा

२००४ साली युनेस्कोने घानामध्ये शिक्षकांची एक कार्यशाळा घेतली आणि तेथून प्रकाशशास्त्राच्या कृतिशील अध्यापनाचा एक कार्यक्रम सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘अ‍ॅलॉप’ या नावाने ओळखला जातो. पुढे आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत या कार्यशाळा झाल्या. मार्गदर्शकांमध्ये अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक होते, तसेच ट्युनिशिया आणि फिलिपिन्समधीलही होते. शिकवणारे सगळे श्रीमंत देशांचे आणि शिकणारे सगळे गरीब देशांचे, अशी विभागणी तेथे नव्हती, ही मला या कार्यक्रमाची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

कार्यशाळेत शिक्षक स्वतः विद्यार्थी होतात. आरंभी प्रत्येक जण संकल्पनांवरची चाचणी सोडवतो. त्यानंतर प्रत्येक प्रयोगाचा क्रम ठरलेला असतो. मार्गदर्शक प्रयोगाचे वर्णन करतो, पण प्रयोग करत नाही. प्रत्येक जण काय घडेल याचे भाकीत कागदावर लिहितो, मग शेजाऱ्याशी चर्चा करून हवे तर ते बदलतो. त्यानंतरच प्रयोग होतो, आणि जे दिसले ते शब्दांत मांडून भाकिताशी त्याची तुलना केली जाते. भाकीत लिहिणे हा या क्रमाचा कणा आहे. मनातल्या मनात केलेले भाकीत प्रयोगानंतर नकळत बदलते आणि ‘मला हेच वाटले होते’ असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटू लागते. कागदावरचे भाकीत मात्र तसेच राहते. शेवटी चाचणी पुन्हा घेतली जाते.

साहित्य स्वस्त आणि स्थानिक बाजारात मिळणारे असावे, हा आग्रह तेथे सुरुवातीपासून होता. एका प्रशिक्षणानंतर परदेशातून आलेल्या सुंदर प्रयोगपेट्या कपाटात कुलूपबंद होताना मी पाहिल्या आहेत, कारण फुटलेले एक भिंग बदलून आणण्याची सोय तालुक्याच्या गावी नव्हती. म्हणून परदेशी सहकाऱ्याने सुचवलेल्या प्रत्येक प्रयोगाला पहिला प्रश्न हाच विचारावा की यातील वस्तू मोडली तर ती आपल्या बाजारपेठेत मिळेल काय.

भागीदार कोठे शोधावा

आंतरराष्ट्रीय शुद्ध व उपयोजित भौतिकशास्त्र संघाने भौतिकशास्त्राच्या शिक्षणासाठी १९६० साली एक स्वतंत्र आयोग स्थापन केला, आणि १९६६ पासून ‘जिरेप’ ही अध्यापन-संशोधकांची संघटना काम करत आहे. या दोन्हींच्या परिषदांत शिक्षक आणि शिक्षक-प्रशिक्षक भेटतात. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेली भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना आहे, आणि मुंबईत मानखुर्द येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. या केंद्राची ‘एपिस्टेम’ ही आंतरराष्ट्रीय परिषदमाला २००४ साली गोव्यातील दोना पावला येथून सुरू झाली. मराठी शिक्षकाने परदेशी पत्र लिहिण्यापूर्वी या केंद्राशी बोलावे, कारण त्याच विषयावर काम करणारे परदेशी संशोधक त्यांना बहुधा आधीच ठाऊक असतात.

पत्र मात्र संस्थेला नव्हे, व्यक्तीला लिहावे, आणि त्यात ‘आम्हांला आपले मार्गदर्शन हवे’ असे मोघम लिहू नये. आपल्या वर्गातील एक चाचणीप्रश्न, त्याला किती विद्यार्थ्यांनी कोणते उत्तर दिले याचा तक्ता आणि ‘तुमच्या वर्गात हाच प्रश्न विचारून पाहाल काय’ एवढी एकच विनंती पुरेशी असते. अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता अधिक असते, कारण वाचणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी करता येईल असे काहीतरी त्यात असते.

चाचणीचे मराठीकरण

कामाचा हा भाग सर्वांत कमी लेखला जातो आणि सर्वांत जास्त शिकवतो. बल आणि गती यांच्या आकलनासाठी जगभर वापरली जाणारी एक बहुपर्यायी चाचणी १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि अनेक भाषांत गेली. तिच्यासारखी चाचणी आपल्या वर्गात आणायची असेल, तर शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. पाठ्यपुस्तकात ‘चाल’ आणि ‘वेग’ या दोन भिन्न राशी आहेत, पण रोजच्या बोलण्यात गाडीचा वेगच असतो, चाल नसते. ‘वजन’ आपण किलोत सांगतो आणि वर्गात ते न्यूटनमध्ये मागतो. ‘शक्ती’ हा शब्द विद्यार्थ्याला अंगातल्या ताकदीची आठवण करून देतो, तर पुस्तकात तो कार्य करण्याचा दर असतो. प्रश्न चुकला तो धारणेमुळे की शब्दामुळे, हे कळत नसेल तर दोन देशांच्या गुणांची तुलना निरर्थक ठरते.

म्हणून भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावे आणि ते एकमेकांशी ताडून पाहावे. तिसऱ्या शिक्षकाने मूळ न पाहता मराठी मजकुराचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करावे. जेथे अर्थ सरकला असेल ती जागा लगेच दिसते. त्यानंतर पाच-सहा विद्यार्थ्यांना प्रश्न मोठ्याने वाचायला लावून ‘तुला यात काय विचारले आहे असे वाटते’ एवढेच विचारावे. मगच चाचणी वर्गात न्यावी. चाचणी मूळ कर्त्यांच्या परवानगीने वापरावी आणि तिचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती घरी जाऊ देऊ नयेत, अन्यथा ती पुढच्या वर्षी निरुपयोगी होते. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ या प्रकल्पाची संगणकीय प्रतिरूपे विनामूल्य असून त्यांतील अनेक मराठीतही उपलब्ध आहेत. भाषांतराचा सराव करू इच्छिणाऱ्या शिक्षकाने ती जरूर पाहावीत, विशेषतः त्यांतील परिभाषा.

दोन देशांत एकच प्रयोग

दोन्ही वर्गांना एकमेकांची खरोखर गरज वाटेल, म्हणजे दुसऱ्याच्या मोजमापाशिवाय आपले उत्तर पूर्णच होणार नाही, असा प्रयोग निवडावा. प्रयोग कोणता हे भागीदाराच्या अक्षांशावरून ठरते.

भागीदार उत्तर युरोपातील असेल तर साधा लंबक घ्यावा. गुरुत्व त्वरण विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवांकडे जास्त असते: मुंबईत ते सुमारे ९.७८६ आणि हेलसिंकीत सुमारे ९.८१९ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. फरक जेमतेम एक तृतीयांश टक्का आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला १०० दोलनांना दोन्हीकडे सुमारे २०० सेकंद लागतात आणि हेलसिंकीतील वेळ मुंबईपेक्षा सुमारे ०.३४ सेकंदाने कमी येते. हाताने थांबघड्याळ चालू-बंद करताना होणारी चूक ०.१ ते ०.२ सेकंदांची असते, म्हणजे हा फरक पकडता येण्याच्या अगदी काठावर आहे, आणि म्हणूनच प्रयोग शिकवण्यासारखा आहे.

लंबकाची लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. ती मोजण्यात ३ ते ४ मिलिमीटरची चूक झाली तरी शोधत असलेला सगळा फरक त्यात बुडून जातो. धागा ताणला जाणारा नको. लंबक ५ अंशांपेक्षा अधिक कोनातून सोडू नये. १५ अंशांतून सोडल्यास दोलनकाल सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो, आणि अक्षांशामुळे दोलनकालात पडणारा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. दोन्ही वर्गांनी किमान दहा-दहा वेळा मोजावे आणि केवळ सरासरी न पाठवता सर्व आकडे पाठवावेत. मग चर्चा आपोआप योग्य प्रश्नाकडे वळते: आपल्या दोघांच्या आकड्यांतील फरक पृथ्वीमुळे आहे की आपल्या मोजण्यामुळे? मोजमापातील अनिश्चितता हा विषय आपल्या अभ्यासक्रमात असूनही प्रयोगवहीत क्वचितच उतरतो. या प्रयोगात तो टाळताच येत नाही. विद्यार्थ्यांनी ‘बरोबर उत्तर’ आधी पाहून आकडे जुळवू नयेत यासाठी दोन्ही शिक्षकांनी स्थानिक गुरुत्व त्वरणाचे मूल्य शेवटपर्यंत जाहीर करू नये.

भागीदार मॉरिशसमधील असेल, तर हाच प्रयोग व्यर्थ जाईल. पोर्ट लुई विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २०.२ अंशांवर आणि रत्नागिरी उत्तरेला सुमारे १७ अंशांवर असल्याने दोन्हीकडचे गुरुत्व त्वरण जवळपास सारखेच आहे. तेथे सावलीचा प्रयोग करावा. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, एक मीटरच्या उभ्या काठीची मध्यान्हीची सावली रत्नागिरीत सुमारे ३१ सेंटिमीटर आणि उत्तरेकडे, तर पोर्ट लुईत सुमारे ३७ सेंटिमीटर आणि दक्षिणेकडे पडते. सूर्यकिरण काठीशी करतात त्या दोन्ही कोनांची बेरीज सुमारे ३७ अंश येते, आणि दोन गावांमधील उत्तर-दक्षिण अंतर ठाऊक असेल तर त्यावरून पृथ्वीचा परीघ निघतो. मध्यान्ह घड्याळावर ठरवू नये. सावली सर्वांत आखूड होते तो क्षण प्रत्येकाने आपापल्या गावी शोधावा. दिवस मात्र एकच हवा, कारण विषुवदिनाच्या सुमारास सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तर-दक्षिण सरकतो. नकाशावरून घेतलेल्या अंतरात पृथ्वीचा आकार आधीच गृहीत धरलेला असतो, ही मेख विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावी. माझ्या मते तो या प्रयोगाचा सर्वांत चांगला भाग आहे. कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या मॉरिशसमध्ये राहतात आणि तेथील शाळांत मराठी शिकवली जाते, त्यामुळे निरीक्षणांची काही पत्रे मराठीतूनही जाऊ शकतील.

वेळापत्रक, पैसा, परवानगी

आपले शैक्षणिक वर्ष जूनमध्ये, युरोपातील बहुतेक ठिकाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि मॉरिशसमध्ये जानेवारीत सुरू होते. लंबकासाठी नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा पडतो, कारण त्यानंतर आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षांची धावपळ असते. सावलीसाठी सप्टेंबरातील विषुवदिन गाठायचा, तर ढगांचा धोका गृहीत धरून पुढचे चार-पाच दिवस दोघांनीही राखून ठेवावेत.

निधीची देवाणघेवाण शक्यतो करूच नये. परदेशातून पैसा किंवा किमती साहित्य स्वीकारायचे तर परकीय योगदान (विनियमन) कायदा, २०१० लागू होतो, आणि नोंदणी नसलेल्या शाळेने त्या वाटेला जाऊ नये. विद्यार्थ्यांची छायाचित्रे वा चित्रफिती पाठवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुख्याध्यापकांना पहिल्या पत्रापासून सर्व पत्रव्यवहार दाखवत जावे.

भावी शिक्षकांना त्यात कसे आणावे

वरील सर्व काम एका उत्साही शिक्षकाच्या बळावर चालते आणि त्याची बदली झाली की थांबते. ते टिकवायचे असेल तर जवळचे अध्यापक महाविद्यालय किंवा जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पहिल्या वर्षापासून सोबत हवी. येथे जपानमधील शिक्षकांची जुनी रीत उपयोगी पडते. चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यांतील एक जण तो शिकवतो आणि बाकीचे शिक्षकाकडे न पाहता विद्यार्थी काय करतात, काय बोलतात, कोठे अडतात याच्या नोंदी घेतात; त्या नोंदींवरून पाठ बदलतो आणि दुसरा शिक्षक तो दुसऱ्या वर्गात घेतो. भिंग झाकण्याचा चाळीस मिनिटांचा पाठ याच रीतीने दोन देशांतील छात्रशिक्षकांनी आखावा. प्रत्येक गटाने आपल्या वर्गातील भाकितांच्या कागदांचे वर्गीकरण करून दुसऱ्या गटाला पाठवावे, आणि समोरच्या गटाने ‘हे उत्तर देणाऱ्या मुलाला आम्ही पुढचा प्रश्न कोणता विचारू’ एवढेच लिहून परत करावे. पाठ चांगला की वाईट असा शेरा कोणीही मारू नये, कारण शेरा आला की नवखे छात्रशिक्षक चुकलेली भाकिते लपवू लागतात आणि ती भाकितेच तर या कामाचा कच्चा माल आहेत.

दुसऱ्या वर्षी हाच पाठ परदेशी भागीदाराच्या मदतीशिवाय शेजारच्या तालुक्यातील शिक्षण परिषदेत तुमच्या छात्रशिक्षकांनी घ्यावा. त्यासाठी भिंग, मेणबत्ती, पुठ्ठा, भाकिताचे कोरे कागद आणि मागच्या वर्षीच्या दोन्ही देशांतील उत्तरांचा तक्ता एवढे एका पिशवीत मावते.